दुरुस्तीचा तक्ता

आमच्या गाळ्याच्या दारावर कंपनीची पाटी आहे आणि तिच्या कोपऱ्यात एक छोटा सूर्य काढलाय. ही माझ्या भागीदाराची हौस. त्या सूर्यापायी गेली नऊ वर्षं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आत डोकावून विचारतं, “सोलर हीटर बसवता काय?” सुरुवातीला मी समजावून सांगायचो. उपग्रह, अंतराळ, दिशा, सगळं. समोरचा शहाण्यासारखी मान डोलवायचा आणि शेवटी विचारायचा, “मग पाणी किती लिटर तापतं?” आता मी नुसतं ‘नाही’ म्हणतो आणि दार ओढून घेतो.

हे लिहायला बसलोय तेही उत्साहाने नाही. ताईच्या उजव्या डोळ्याचं जे झालं ते एकदा क्रमाने लिहून काढावं, म्हणजे रोज सकाळी दात घासताना ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही, एवढ्याचसाठी.

आम्ही काय बनवतो ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. रॉकेटमधून सुटलेला उपग्रह सुरुवातीला गटांगळ्या खात असतो. त्याला आपलं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे ठाऊक नसतं. बॅटरी संपायच्या आत सूर्य कोणत्या बाजूला आहे हे त्याला कळलं, तर तो आपले पंख तिकडे वळवतो आणि जगतो. नाही कळलं तर संपला. हे कळावं म्हणून त्याच्या अंगावर काडेपेटीएवढ्या पेट्या बसवतात. पेटीवर काळी काच, काचेत केसाएवढी फट, आणि फटीखाली उजेड ओळखणारी एक पट्टी. फटीतून उन्हाची रेघ पट्टीवर पडते. ती कुठे पडली यावरून सूर्य किती तिरका आहे ते समजतं. बस, एवढंच. लोकांना वाटतं अंतराळातलं काम म्हणजे केवढं काय. आमचं अर्धं आयुष्य काच सरळ बसली का वाकडी, या एका प्रश्नात गेलं.

आणि काच चिकटवायची ताई.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, नऊ वर्षांनी मोठी. गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वडील घरी बसले ते बसलेच. ताईने कॉलेज सोडलं आणि इमिटेशन दागिन्यांवर खडे चिकटवायचं काम घरी आणलं. करी रोडच्या आमच्या खोलीत खिडकीपाशी पाट मांडून ती बसायची. समोर कुड्या, बांगड्या, वाटीत गोंद, हातात चिमटा. मोहरीहून बारीक खडा ती चिमट्याने उचलायची आणि दागिन्यातल्या त्याच्या घरात टेकवायची. मी समोर बसून गणितं सोडवायचो. माझं इंजिनियरिंग त्या खड्यांवर झालं. हे मी कुणाला सांगितलं की तिला राग यायचा. “खड्यांवर कसलं? तुझ्या डोक्यावर झालं,” म्हणायची. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची माझी हिंमत कधी झाली नाही, आणि आता त्या प्रश्नाचं वयही राहिलं नाही.

कंपनी सुरू केली तेव्हा काच चिकटवायला आम्ही एक डिप्लोमावाला ठेवला होता. चांगला मुलगा होता, पण दहातल्या सहा काचा वाया घालवायचा. एका रविवारी मी करी रोडला ताईकडे जेवायला गेलो होतो. चाळ पाडून टॉवर झाला, त्यात तिला बाराव्या मजल्यावर खोली मिळाली आहे. जेवता जेवता मी त्या काचांच्या नावाने बोटं मोडत होतो. ताई म्हणाली, “मी बघू काय एकदा?” मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी ती आली, स्वतःचा चिमटा घेऊन. आमच्याकडे चोरबाजारातून आणलेला एका डोळ्याने बघायचा मायक्रोस्कोप होता. त्याला तिने उजवा डोळा लावला, पंखा बंद करायला सांगितला, श्वास धरला आणि काच ठेवली. काचेवरची रेघ आणि पेटीवरची रेघ अशा जुळल्या की मी तीन वेळा मोजून बघितलं. त्या दिवसापासून ते टेबल तिचं झालं. पुढे दोन डोळ्यांनी बघायचा नवा मायक्रोस्कोप घेतला, तर म्हणाली, “माका ह्योच बरो. तुमचो तो लग्नात ठेव दाखवायला.” चिडली किंवा लाडात आली की ताई मालवणीत शिरते.

आमच्या खालच्या गाळ्यात मसाला कुटतात. एप्रिल-मे म्हणजे मिरच्यांचा हंगाम. आम्ही क्लीन रूम केली, दाराला रबर लावलं, हवा गाळायची यंत्रं बसवली, तरी सकाळी अकरा ते एक अख्खी कंपनी शिंकत असते. श्वास धरून करायचं काम शिंकत कसं होणार? म्हणून उन्हाळ्यात ताई सातला येऊन अकराच्या आत काचा उरकायची आणि मग खाली जाऊन मसालेवाल्या बाईशी गप्पा मारत बसायची. गिऱ्हाइकांना आम्ही ‘प्रक्रियेतला विराम’ म्हणून कळवायचो. कंपन्यांचे इंजिनियर तपासणीला यायचे, डोक्याला टोप्या घालून ताईच्या मागे उभे राहायचे आणि साठीची बाई श्वास धरून काच ठेवते आहे हे लहान मुलांसारखे बघत राहायचे. ताई काही बोलायची नाही. पण टॉवरच्या लिफ्टमध्ये सगळ्यांना माहीत होतं की बाराव्या मजल्यावरच्या ताईने चिकटवलेलं वर फिरतंय. ते तिनेच सांगितलेलं असणार, आणखी कोण सांगणार?

आता तक्त्याचं सांगतो. कितीही सरळ बसवली तरी काच किंचित इकडेतिकडे असतेच. म्हणून प्रत्येक पेटी आम्ही अंधाऱ्या खोलीत फिरत्या टेबलावर ठेवतो, समोर सूर्याइतका प्रखर दिवा लावतो आणि टेबल एकेक अंशाने वळवतो. टेबल म्हणतं वीस अंश, पेटी म्हणते वीस आणि थोडं. हे ‘थोडं’ लिहून ठेवायचं. झाला तक्ता. तो पेटीबरोबर जातो, आणि वर उपग्रह पेटीचा आकडा घेतो, तक्त्यातलं थोडं वजा करतो आणि खरं उत्तर काढतो. चष्म्याचा नंबर असतो तसा हा पेटीचा नंबर. हे काम माझं. ताईच्या पेट्यांचे तक्ते इतके कोरे यायचे की मला काम केल्यासारखंच वाटायचं नाही. दुरुस्ती अमुक आकड्याच्या वर गेली तर काच काढून नवी बसवायची, असा नियम मीच लिहून ठेवला होता. तो वापरायची वेळच येत नव्हती. पन्नास ते साठ या शेवटच्या दहा अंशांची चाचणी तर मी बंदच केली. दिवा तापतो, वेळ जातो, आणि ताईच्या पेट्या कडेपर्यंत सारख्याच चालतात हे पन्नास वेळा बघून झालं होतं.

संध्याकाळी निघताना ताई माझ्या दारात उभी राहायची. पर्स खांद्याला, डबा पिशवीत. विचारायची, “पास?” मी म्हणायचो, “पास.” मग ती आत येऊन कागदाच्या शेवटच्या ओळीवरची खूण स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि घरी जायची. नऊ वर्षं हे असंच.

गणपतीत आमच्या रस्त्यावरून चालणंसुद्धा मुश्कील, म्हणून ते दिवस आम्ही गाळा बंद ठेवतो. गेल्या वर्षी सुट्टी संपल्यावर जी पहिली पेटी झाली, तिची दुरुस्ती नेहमीच्या तिप्पट आली. मी म्हटलं, दहा दिवसांनी हात बसायला वेळ लागतो. पुढच्या पेटीची जरा जास्त आली. मी चिकटद्रव्याचा डबा बदलला. मग काचांच्या नव्या लॉटला दोष दिला. मग हवेतल्या दमटपणाला. जगातल्या सगळ्या गोष्टींना दोष देऊन झाला, पण आकडे बघता बघता एक गोष्ट लक्षात आली आणि माझा हात थांबला. सगळ्या काचा एकाच बाजूला सरकल्या होत्या. डावीकडे. चिकटद्रव्याला डावं-उजवं कळत नाही, हवेला तर नाहीच नाही.

त्याच सुमाराला तिचा चहा माझ्या लक्षात आला. ताई आमच्या सगळ्यांचा चहा ओतते. पूर्वी वीतभर उंचीवरून धार सोडायची, थेंब सांडायचा नाही. आता ती किटलीची चोच आधी कपाच्या काठाला टेकवायची आणि मगच ओतायची. कपबशी किती लांब आहे हे हाताने विचारून घेतल्यासारखं. मी ते बघितलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागलो.

तेव्हा काय करायला हवं होतं हे कुणीही सांगेल. तिला समोर बसवायचं आणि सांगायचं, ताई, काचा सरकतायत, डोळे दाखवून ये. एक वाक्य. पण जिच्या खड्यांवर मी शिकलो, तिला ‘तुझं काम आता बरोबर येत नाही’ असं मी कोणत्या तोंडाने सांगणार? आमच्या घरात मोठ्यांची चूक तोंडावर सांगायची पद्धतच नव्हती. वडील संपानंतर कामाला गेले नाहीत, ते चुकलं असं त्यांना मरेपर्यंत कुणी म्हटलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शिवाय, खरं सांगायचं तर, मी भित्रा आहे. ती गप्प बसली की मला आजही दहा वर्षांचा झाल्यासारखं वाटतं.

म्हणून मी तक्त्यात भरत गेलो. काच डावीकडे सरकली? तेवढं वजा करा. आणखी सरकली? आणखी वजा करा. खोटं काहीच लिहिलं नाही, प्रत्येक आकडा मोजलेला होता. मी स्वतःला सांगायचो, तक्ता असतोच कशासाठी? माणसाची चूक पोटात घालायलाच ना? संध्याकाळी ती दारात यायची. “पास?” “पास.” मार्चमध्ये एक पेटी माझ्या नियमाच्या आकड्याला टेकली. नियमाप्रमाणे काच काढायला हवी होती. मी नियम बदलला. मर्यादा वाढवली, कागदावर नवी आवृत्ती काढली, ‘कारण’ या रकान्यात लिहिलं ‘अनुभवावरून’, आणि खाली सही ठोकली. लिहिणारा मी, तपासणारा मी, मंजूर करणारा मी. छोट्या कंपनीचे हे फायदे असतात.

आमच्याकडे एक इंजिनियर आहे. वडाळ्याहून येते, तिशीतली, बोलणं कमी आणि काम चोख. जुलैत एका नव्या गिऱ्हाइकाच्या यादीत कडेपर्यंतची चाचणी हवी अशी अट होती, म्हणून तिने तयार पेट्यांपैकी एक घेऊन शेवटचे दहा अंशही चालवले. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, एक मिनिट. ह्या पेटीला डावीकडे बावन्नच्या पुढे काहीच दिसत नाहीये.”

“दिवा गेला असेल.”

“दिवा ठीक आहे. तीनदा केलं. जुनी पेटी लावली तर साठपर्यंत मस्त येतंय.” तिने कागद ठेवला. “काच एवढी सरकलीय की रेघ पट्टीच्या बाहेरच पडतेय, सर. जे दिसतच नाही त्याला आपण करेक्शन काय देणार?”

तिने दुसरा कागद काढला. “आणि हे लिमिट मार्चमध्ये बदललंय. कारण ‘अनुभवावरून’ असं आहे. म्हणजे कसला अनुभव?”

“तू इथे किती वर्षं आहेस?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. हे असं विचारणारी माणसं मला आयुष्यभर आवडली नाहीत, आणि त्या दुपारी मी त्यांच्यातलाच एक होतो.

“चार,” ती म्हणाली. “सर, चिडू नका. मला पण कळतंय ते कुणाचं काम आहे ते.”

चूक कळायला एवढं पुरेसं होतं. त्याच लॉटमधल्या दोन पेट्या आधीच दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे गेल्या होत्या. त्या वर गेल्या असत्या आणि सूर्य नेमका त्या बाजूला असता, तर उपग्रह आंधळ्यासारखा फिरत राहिला असता. मी भागीदाराला सगळं सांगितलं. तो गिरगावातला, कॉलेजपासूनचा मित्र. त्याच्या घरात तीन पिढ्या कारकुनी करत आल्या, त्यामुळे कागदावरचं खोटं त्याला वासाने कळतं. त्याने मार्चची ती आवृत्ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“अरे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?”

“माहितेय.”

“नाही, तुला माहीत नाहीये. तू ताईला सांभाळत होतास असं तुला वाटतंय. गिऱ्हाइकाने त्या पेट्या बसवल्या का?”

“नाही. पुढच्या महिन्यात बसवणार आहेत.”

“मग मेल आज जाणार. चूक आमची, पेट्या परत द्या, नव्या देतो. लाज वाटली तरी जाणार.” “आणि ताईला तू सांगायचंस. मी नाही सांगणार. मला ती राखी बांधते.”

मेल गेली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं, कोरडं, पण पेट्या परत आल्या. उपग्रह वाचला म्हणायला हरकत नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मला त्या गाळ्यात जावंसं वाटेना. जिन्याचे तीन मजले चढताना मधेच थांबून मी भिंतीला टेकायचो, आणि वरून उतरणारी माणसं बीपीची गोळी घेतली का विचारायची.

रविवारी ताईकडे गेलो. ती बांगडे तळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. ताई, तू आता काचा चिकटवू नकोस. तू दुसऱ्यांना शिकव. तुझं टेबल तुझंच राहील, खुर्ची तुझीच राहील.

तिने बांगडा उलटला. “का? माका म्हातारी केलंस इतक्यात?”

“काचा सरकतायत.”

“कोण म्हणता?”

मी कागद आणले होते. वर्षभराचे तक्ते, एकावर एक. ओट्यावर जागा नव्हती म्हणून फ्रिजवर ठेवले. तिने गॅस बंद केला, हात धुतले, पदराला पुसले आणि एकेक कागद घेऊन बघायला लागली. मला वाटलं होतं ती भांडेल. मी भांडणाची सगळी तयारी करून गेलो होतो. ती भांडली नाही. मार्चनंतरच्या एका कागदावर तिने बोट ठेवलं.

“हे लिमिट असं नव्हतं.”

“हं.”

“एवढं होतं.” तिने जुना आकडा सांगितला. तिला तो पाठ होता. नऊ वर्षं रोज शेवटची ओळ बघणाऱ्या बाईला तो पाठ असणारच, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

“मी वाढवलं.”

“का?”

“तुझ्यासाठी.”

ती खुर्चीत बसली. मग बोलली ते माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखं. “म्हणजे त्या पास नव्हत्या. मायक्रोस्कोपात रेघ मधेच वाकलेली दिसायची रे. गणपतीपासूनच. मला वाटायचं काचच वाकडी. मग वाटायचं मायक्रोस्कोप जुना झाला. दोन-तीनदा मनात आलं, डोळ्याचंच काही असेल, डॉक्टरकडे जाऊ या. पण संध्याकाळी तुला विचारायचे, तू पास म्हणायचास. कागद बघायचे, पास. नव्या लिमिटचा कागद बघितला तेव्हा वाटलं, ह्यांनी मोजून मापून वाढवलं असेल, शिकलेली माणसं आहेत. म्हटलं, रेघ वाकडी दिसली तरी काच सरळ बसतेय ना? मग डोळ्याला काय झालंय? धाड?”

बाकीच्या वेळी तिला काही जाणवत नव्हतं. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सगळं सांभाळून घ्यायचा. उजवा एकटा लागायचा तो फक्त त्या मायक्रोस्कोपाला. तिच्या डोळ्याची रोज तपासणी होत होती, ती माझ्या टेबलावर, आणि निकाल मी देत होतो.

तिने तिथेच बसल्या बसल्या डावा डोळा तळहाताने झाकला आणि खिडकीच्या ग्रिलकडे बघितलं. मी विचारलं नाही. तीच म्हणाली, “मधले गज वाकलेत. आणि तुझं तोंड नाही दिसत. कान दिसतात.”

बांगडे आम्ही खाल्ले नाहीत. मी ते डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवले आणि त्यानंतर त्यांचं काय झालं आठवत नाही.

सोमवारी परळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होती, बोलायला चांगली. थेंब घातले, फोटो काढले, यंत्रात हनुवटी टेकवायला लावली. ताई त्या यंत्राकडे अशी बघत होती, जणू तिला त्याची रचना समजून घ्यायची आहे. मग डॉक्टरने पडद्याचं चित्र दाखवलं. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध सूज येऊन तिथे आता व्रण झालाय, म्हणाली. अगदी सुरुवातीला, सरळ रेघा वाकड्या दिसायला लागतात तेव्हा आलं, तर इंजेक्शनं देऊन पुष्कळ वाचवता येतं. आता उजव्यातलं जे गेलं ते परत यायचं नाही. डावा अजून चांगला आहे, पण त्याची दर महिन्याला तपासणी करायला हवी.

“रेघा वाकड्या दिसल्यावर लगेच का नाही आलात, आई?” तिने विचारलं. रागावून नाही, डॉक्टरांना ते सगळ्यांनाच विचारावं लागत असेल.

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, “लक्षातच नाही आलं.”

बाहेर पडलो. तिच्या डोळ्यांत थेंब घातलेले होते, ऊन सहन होत नव्हतं, म्हणून आम्ही दवाखान्याच्या पायरीवर सावलीत उभे राहिलो. समोर बसस्टॉपवर माणसं भांडत होती. मला तिची माफी मागायची होती. वाक्यं तयार होती, पण जी जी तोंडाशी आली ती सगळी मला माझीच सुटका करून घेणारी वाटली.

“पहिला वाईट आकडा कधी आला?” ताईने विचारलं.

“गणपतीच्या सुट्टीनंतरची पहिली पेटी.”

तिने बोटांवर महिने मोजले. अंगठा एकेका पेरावरून सरकत गेला. दहाव्या पेरावर थांबला.

“तेव्हा सांगितलं असतंस तर मी भांडले असते,” ती म्हणाली. “महिनाभर तुझ्याशी बोलले नसते. तुझ्या गाळ्यात पाऊल ठेवलं नसतं. पण डॉक्टरकडे गेले असते रे.”

मी हो म्हणालो. मग तिने हात पुढे करून माझं मनगट चाचपलं आणि धरलं, कारण आम्हाला रस्ता ओलांडायचा होता आणि येणारी गाडी किती लांब आहे हे तिला कळत नव्हतं.